उत्तर दिले, रीत कुठे आहे?

गणिताच्या उत्तरपत्रिकेत नुसतेच उत्तर लिहिलेले असेल तर आपण त्याला किती गुण देतो? उत्तर अगदी बरोबर असले तरी चारपैकी एखादा. बाकीचे गुण रीतीचे. विद्यार्थ्यांना हा अन्याय वाटतो. "उत्तर बरोबर आहे ना, मग?" असे ते विचारतात. शिक्षकाचे म्हणणे ठरलेले असते. नुसत्या उत्तरावरून ते कसे काढले हे कळत नाही. चूक झाली असेल तर ती कोणत्या पायरीवर झाली हे सापडत नाही. आणि उद्या आकडे बदलले तर हाच विद्यार्थी तेच गणित करू शकेल याची खात्री देता येत नाही.

विज्ञानाचा नियमही याहून वेगळा नाही. शोधनिबंधात निष्कर्षाच्या आधी 'साहित्य आणि पद्धती' असा एक भाग असतो. वाचायला तो कंटाळवाणा असतो, पण तो नसेल तर आम्ही संशोधक त्या निबंधावर विश्वास ठेवत नाही. आपल्याला न ओळखणाऱ्या, दुसऱ्या गावच्या प्रयोगशाळेतल्या माणसालाही तोच प्रयोग करून पाहता आला पाहिजे, ही विज्ञानाची किमान अट आहे.

ही साधी कसोटी या लेखात आम्ही कृत्रिम बुद्धिमत्तेला लावून पाहणार आहोत. प्रश्नपत्रिका काढून देणारी, धड्याचा सारांश करणारी, शंकांना उत्तरे देणारी साधने आता शाळांपर्यंत येऊन पोचली आहेत. त्यांच्या मुळाशी असलेली काही मॉडेल्स 'ओपन सोर्स' म्हणजे मुक्तस्रोत आहेत, असे ती बनवणाऱ्या बड्या कंपन्या सांगतात. शब्द चांगला आहे. त्यामागे चाळीस वर्षांचे निःस्वार्थ काम आहे. पण आज तो ज्या वस्तूंना चिकटवला जातो, त्यांतल्या बहुतेकींना तो शोभत नाही, असे आमचे मत आहे. ते का, ते क्रमाने पाहू.

मुक्त आणि फुकट

संगणकाची आज्ञावली दोन रूपांत असते. एक, माणसाने लिहिलेले आणि माणसाला वाचता येणारे मूळ रूप. यालाच 'सोर्स कोड' म्हणतात. दुसरे, त्यापासून तयार केलेले यंत्राचे रूप. बाजारात बहुधा हे दुसरे रूप मिळते. ते चालवता येते, पण वाचता येत नाही आणि म्हणून दुरुस्तही करता येत नाही.

१९८० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या प्रयोगशाळेला झेरॉक्स कंपनीने एक लेझर प्रिंटर दिला. त्यात कागद अडकत असे. तेथे काम करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांनी जुन्या प्रिंटरच्या आज्ञावलीत सुधारणा करून, कागद अडकला की संबंधितांना निरोप जाईल अशी सोय केली होती. नव्या प्रिंटरची मूळ आज्ञावली मात्र मिळेना. ती ज्याच्याकडे होती त्याने गुप्ततेचा करार केलेला होता. एक क्षुल्लक अडचण, ती दूर करण्याचे ज्ञान हाताशी, आणि तरीही हात बांधलेले! यातून स्टॉलमन यांनी १९८३ साली 'ग्नू' प्रकल्पाची घोषणा केली आणि चार स्वातंत्र्यांचा आग्रह धरला: आज्ञावली कोणत्याही कामासाठी चालवणे, तिचा अभ्यास करून ती बदलणे, तिच्या प्रती इतरांना देणे आणि बदललेल्या प्रतीही इतरांना देणे. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने आपल्या घरच्या संगणकावर लिहिलेला 'लिनक्स' हा गाभा पुढे याच अटींखाली खुला केला. आज अँड्रॉइडच्या प्रत्येक फोनमध्ये तो आहे.

इंग्रजीत 'फ्री' या एकाच शब्दाचे 'मुक्त' आणि 'फुकट' असे दोन अर्थ होतात. उद्योजक त्या शब्दाला बिचकत. म्हणून १९९८ साली क्रिस्टीन पीटरसन यांनी 'ओपन सोर्स' हा शब्द सुचवला, आणि त्याच वर्षी 'ओपन सोर्स इनिशिएटिव्ह' ही संस्था स्थापन होऊन तिने दहा कलमांची व्याख्या प्रसिद्ध केली. मराठीला ही अडचण कधीच नव्हती. आपल्याकडे मुक्त वेगळे आणि फुकट वेगळे. दुकानदाराने साबणाबरोबर चमचा दिला तर तो फुकट मिळाला असे आपण म्हणतो, मुक्त झाला असे म्हणत नाही. पुढचे सारे वाचताना हा फरक ध्यानात ठेवावा, कारण वाद नेमका तेथेच आहे.

नव्या यंत्रातले 'मूळ' कोणते?

आजची भाषा-मॉडेल्स पूर्वीच्या आज्ञावलींसारखी ओळ-ओळ लिहिलेली नसतात. त्यांना 'शिकवले' जाते. प्रचंड मजकूर यंत्रासमोर ठेवायचा, मजकुराचा पुढचा तुकडा कोणता हे ओळखायला लावायचे, आणि अंदाज चुकला की यंत्रातल्या संख्या किंचित बदलायच्या. असे अब्जावधी वेळा केले की त्या संख्यांत भाषेचे, माहितीचे आणि पूर्वग्रहांचेही ठसे उमटतात. या संख्यांना 'वेट्स' म्हणतात. आपण त्यांना भारांक म्हणू. मेटा कंपनीने जुलै २०२४ मध्ये दिलेल्या 'लामा ३.१' या मालिकेतील सर्वांत मोठ्या मॉडेलमध्ये असे ४०,५०० कोटी भारांक आहेत. मजकुराचे जे लहान तुकडे यंत्राला पुरवले जातात त्यांना 'टोकन' म्हणतात. हे मॉडेल सुमारे १५ लाख कोटी टोकनांवर शिकवले गेले.

येथे तीन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. शिकवण्याचा मजकूर, शिकवण्याची आज्ञावली आणि शिकवून झाल्यावर हाती आलेले भारांक. कंपन्या जेव्हा 'आम्ही आमचे मॉडेल मुक्त केले' असे सांगतात, तेव्हा बहुधा तिसरी गोष्ट दिलेली असते. ते तयार उत्तर आहे. मजकूर आणि तो निवडण्याची पद्धत, म्हणजेच रीत, कंपनीकडेच राहते.

भारांक मिळणे ही लहान गोष्ट नाही, हे आधीच स्पष्ट करायला हवे. भारांक हाती असले तर मॉडेल आपल्या संगणकावर चालवता येते आणि विद्यार्थ्यांची माहिती बाहेर कोठे पाठवावी लागत नाही. थोडा नवा मजकूर शिकवून ते एखाद्या कामासाठी घडवता येते. कंपनीने दर वाढवले किंवा सेवा बंद केली तरी आपली प्रत आपल्याजवळ राहते. लहान प्रयोगशाळा आणि विद्यापीठे यांचा यातून खरोखर फायदा झाला आहे. आमचा आक्षेप भारांक देण्याला नाही. तेवढ्यालाच 'मुक्तस्रोत' म्हणण्याला आहे.

एका पत्राची तपासणी

२३ जुलै २०२४ रोजी मेटाचे प्रमुख मार्क झुकरबर्ग यांनी मुक्तस्रोत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या बाजूने एक लांब पत्र प्रसिद्ध केले. त्यातला मुख्य दाखला लिनक्सचा आहे. एकेकाळी मोठ्या कंपन्या आपापली बंदिस्त 'युनिक्स' प्रणाली बाळगून होत्या. शेवटी मुक्त लिनक्सच सर्वत्र पसरला. कृत्रिम बुद्धिमत्तेचेही तसेच होईल, असा युक्तिवाद आहे. पत्र प्रभावी आहे. मॉडेल विकणे हा आपला धंदाच नसल्याने ते खुले केल्याने आपले उत्पन्न बुडत नाही, हेही त्यात सरळपणे सांगितले आहे. या प्रामाणिकपणाचे श्रेय दिले पाहिजे.

पण दाखला तपासला की तो टिकत नाही. लिनक्सची मूळ आज्ञावली कोणीही उतरवून घेऊ शकतो, एखादी ओळ बदलू शकतो आणि आपल्या संगणकावर त्यापासून पूर्ण प्रणाली पुन्हा तयार करू शकतो. हजारो लोकांनी सुचवलेल्या दुरुस्त्या मूळ प्रवाहात गेल्या आहेत. लामाच्या बाबतीत बाहेरच्या कोणालाही मुळापासून मॉडेल पुन्हा घडवता येत नाही, कारण मजकूरच दिलेला नाही. तो दिला असता तरी त्या मोठ्या मॉडेलसाठी १६,००० हून अधिक महागड्या प्रक्रियक चिप्स वापरल्या गेल्या होत्या. तेवढे बळ जगात मोजक्याच ठिकाणी आहे.

आता परवाना. सर्वांत आधीचे लामा फेब्रुवारी २०२३ मध्ये आले तेव्हा ते फक्त संशोधनासाठी होते. जुलै २०२३ मध्ये 'लामा २' व्यापारी वापरासाठीही देण्यात आले. पण ज्या कंपनीचे मासिक वापरकर्ते त्या वेळी ७० कोटींहून अधिक होते, तिला मेटाची वेगळी परवानगी घ्यावी लागेल अशी अट घातली गेली. म्हणजे मोजके प्रतिस्पर्धी वगळून बाकी सर्वांना दार उघडे. कोणत्या कामासाठी मॉडेल वापरू नये याचीही यादी जोडली होती. १९९८ च्या व्याख्येतील पाचवे कलम व्यक्ती किंवा गटांमध्ये भेद करू नये असे सांगते आणि सहावे कलम वापराच्या क्षेत्रांमध्ये भेद करू नये असे सांगते. परवाना या दोन्ही कलमांत बसत नाही. यादीतल्या काही मनाई नैतिकदृष्ट्या योग्यही असतील. पण मग त्या परवान्याला दुसरे नाव द्यावे.

याहून लक्षणीय गोष्ट परवान्याबाहेर आहे. पहिल्या लामाच्या शोधनिबंधात शिकवण्याच्या मजकुराचा तक्ता होता: इंटरनेटवरून गोळा केलेला मजकूर किती टक्के, विकिपीडिया किती, पुस्तके किती, शोधनिबंध किती. पाचच महिन्यांनी आलेल्या दुसऱ्या लामाच्या निबंधात तो तक्ता नाही. सार्वजनिकरीत्या उपलब्ध असलेल्या मजकुराचे एक नवे मिश्रण वापरले, एवढेच मोघम सांगितले आहे. म्हणजे परवाना सैल झाला तशी रीत सांगणे कमी झाले. दरम्यान जुलै २०२३ मध्ये काही लेखकांनी आपली पुस्तके परवानगीशिवाय वापरल्याबद्दल मेटावर कॅलिफोर्नियात खटला भरला. जून २०२५ मध्ये न्यायालयाने त्या लेखकांपुरता मुख्य मुद्द्यावर मेटाच्या बाजूने निर्णय दिला. मजकुराची यादी देण्यात कायद्याची जोखीम आहे, हे यावरून समजते. पण अडचण समजली म्हणून रीत लिहिली असे होत नाही.

ही केवळ एका कंपनीची गोष्ट नाही. डिसेंबर २०१५ मध्ये ना-नफा संस्था म्हणून सुरू झालेल्या 'ओपनएआय'च्या नावातच 'ओपन' आहे. तिने मार्च २०२३ मधील जीपीटी-४ च्या अहवालात मॉडेलचा आकार आणि मजकुराची जडणघडण सांगण्यास नकार दिला. स्पर्धा आणि सुरक्षितता ही कारणे दिली. ऑगस्ट २०२५ मध्ये तिने दोन मॉडेल्सचे भारांक खुले केले. त्यांना मात्र 'ओपन-वेट' असे नेमके नाव दिले, हे बरे केले. चीनमधील डीपसीक कंपनीने जानेवारी २०२५ मध्ये आपल्या 'आर१' मॉडेलचे भारांक अतिशय उदार परवान्याखाली दिले, पण मजकूर दिला नाही. आणि झुकरबर्ग यांनीच जुलै २०२५ मधील दुसऱ्या एका पत्रात, काय खुले करायचे याबाबत यापुढे काळजी घ्यावी लागेल असे लिहिले. कंपनीच्या सोयीने उघडलेले दार कंपनीच्या सोयीने मिटू शकते. लिनक्सचे दार कोणाला मिटता येत नाही. त्याच्या मूळ आज्ञावलीच्या प्रती जगभर आहेत.

व्याख्येतली जागा

या गोंधळावर उपाय म्हणून ओपन सोर्स इनिशिएटिव्हने २८ ऑक्टोबर २०२४ रोजी मुक्तस्रोत कृत्रिम बुद्धिमत्तेची पहिली व्याख्या जाहीर केली. तिच्यानुसार भारांक आणि शिकवण्याची संपूर्ण आज्ञावली खुली हवी. मजकुराबाबत मात्र प्रत्यक्ष मजकूर नव्हे, तर त्याविषयीची पुरेशी तपशीलवार माहिती द्यावी लागते. ती इतकी हवी की जाणकार माणसाला तिच्या आधारे बव्हंशी तसेच मॉडेल घडवता यावे.

या व्याख्येने चांगले काम केले. लामा तिच्यात बसत नाही असे संस्थेने स्पष्ट सांगितले. मेटाचे उत्तर असे होते की, या क्षेत्रात मुक्तस्रोताची एकच एक व्याख्या नाही. दुसऱ्या बाजूने, जुन्या मुक्तस्रोत चळवळीतील अनेकांनी व्याख्येवरच टीका केली: मजकूर न देता 'मुक्त' म्हणवून घेण्याची सोय तुम्ही करून दिलीत.

संस्थेची बाजूही ऐकली पाहिजे. रुग्णांच्या नोंदींवर शिकवलेले मॉडेल असेल तर त्या नोंदी जाहीर करता येणार नाहीत, करूही नयेत. देशोदेशी प्रताधिकाराचे कायदे वेगळे आहेत. शिवाय, मॉडेल बदलू इच्छिणारे लोक प्रत्यक्षात भारांकांवरच काम करतात. सारा मजकूर घेऊन पुन्हा शिकवायला कोणी बसत नाही. तेव्हा बदलण्यासाठी सोयीचे रूप तेच 'मूळ' असे मानले, तर भारांक हेच मूळ ठरतात.

हा युक्तिवाद बिनतोड वाटतो, पण त्यात स्टॉलमन यांच्या दुसऱ्या स्वातंत्र्याचा अर्धा भाग गळून पडला आहे. तेथे 'अभ्यास करणे आणि बदलणे' असे दोन्ही शब्द आहेत. बदलण्यासाठी भारांक बहुधा पुरतात. अभ्यासासाठी ते पुरत नाहीत. मॉडेलने एखादे चुकीचे विधान केले तर ते मजकुरातच होते की यंत्राने रचले? परीक्षेत चांगले गुण मिळवले ते समजून, की तीच प्रश्नपत्रिका आधी पाहिलेली होती म्हणून? मजकूर नसेल तर या प्रश्नांना खात्रीचे उत्तर देता येत नाही. आणि 'जाणकार माणसाला तसेच मॉडेल घडवता यावे' ही अट पुरी झाली की नाही हे कोणी ते घडवून पाहिल्याशिवाय कसे कळणार? जेथे मजकूर देता येत नाही तेथे देऊ नये. पण मग त्या मॉडेलला 'खुले भारांक' म्हणावे. शब्द अडला नाही, माणूसही अडला नाही.

हा शब्दच्छल नव्हे. ऑगस्ट २०२४ पासून अंमलात येऊ लागलेल्या युरोपीय महासंघाच्या कृत्रिम बुद्धिमत्ता कायद्यात मुक्तस्रोत मॉडेल्सना कागदपत्रांच्या काही अटींतून सूट आहे. ज्या शब्दाने सूट मिळते त्याचा अर्थ सैल असणे कोणाच्या फायद्याचे आहे, हे सांगायला नको.

प्रथिनांचा दाखला

रीत म्हणजे नेमके काय, मजकूर की आज्ञावली, याचा एक निवाडा विज्ञानाच्याच क्षेत्रात झाला आहे. प्रथिनांच्या रेणूची त्रिमितीय घडी ओळखणारे 'आल्फाफोल्ड २' गूगलच्या डीपमाइंडने २०२१ मध्ये आज्ञावलीसह प्रसिद्ध केले. त्याचा जगभर उपयोग झाला आणि २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग डेमिस हसाबिस व जॉन जम्पर यांना मिळाला. पण मे २०२४ मध्ये 'आल्फाफोल्ड ३' चा निबंध 'नेचर' मध्ये आला तो आज्ञावलीशिवाय. कंपनीच्या संकेतस्थळावर दिवसाला ठरावीक वेळाच, तेही काही मर्यादित रेणूंसाठी, ते वापरता येत होते. शेकडो शास्त्रज्ञांनी जाहीर निषेध केला. नोव्हेंबर २०२४ मध्ये आज्ञावली बिगर-व्यापारी वापरासाठी देण्यात आली. भारांक मात्र संशोधकांनी मागणी केल्यावर.

त्याच महिन्यात एमआयटीतील संशोधकांनी 'बोल्ट्झ-१' हे त्याच धर्तीचे, जवळपास तितकेच अचूक मॉडेल पूर्ण खुले करून जगापुढे ठेवले. इतरांचेही असे प्रयत्न झाले. हे शक्य का झाले? कारण आल्फाफोल्ड ज्यावर शिकले तो साठा मुळात सार्वजनिक होता. 'प्रोटीन डेटा बँक' १९७१ साली अवघ्या सात रचनांनिशी सुरू झाली. जगभरच्या प्रयोगशाळांनी पन्नास वर्षे तिच्यात भर घातली. २०२३ च्या सुरुवातीस तिच्यात दोन लाख रचना जमा झाल्या होत्या. कोणीही त्या विनामूल्य पाहू शकतो.

दोन उदाहरणे शेजारी ठेवून पाहा. आल्फाफोल्ड ३ मध्ये आज्ञावली बंद होती पण मजकुराचा साठा खुला होता. काही महिन्यांत इतरांनी ती वाट पुन्हा शोधली. लामामध्ये भारांक खुले आहेत पण मजकूर बंद आहे. ते मॉडेल बाहेरच्या कोणालाही पुन्हा घडवता आलेले नाही. यावरून रीतीचा मोठा भाग कोठे असतो ते उघड होते. आणखी एक गोष्ट दिसते. बड्या कंपनीच्या यशाखाली हजारो संशोधकांनी, बहुतांशी सार्वजनिक पैशातून, उभारलेला पाया होता. त्या पायावर घर बांधणाऱ्याने दाराला कुलूप लावावे का, हा प्रश्न नुसता तांत्रिक नाही.

मराठीचा वाटा

हे सारे आपल्यापासून दूरचे वाटत असेल तर एक आकडा पाहू. २०२२ साली जगभरातील शेकडो संशोधकांनी मिळून 'ब्लूम' नावाचे मॉडेल फ्रान्समधील सार्वजनिक महासंगणकावर घडवले. त्यात १७,६०० कोटी भारांक आहेत आणि ४६ भाषा आहेत; मराठी त्यांपैकी एक. प्रकल्पाने भाषांच्या वाट्याचा तक्ताच प्रसिद्ध केला. इंग्रजी सुमारे ३० टक्के, हिंदी ०.७ टक्के आणि मराठी ०.०५ टक्के. म्हणजे दहा हजार भागांत पाच.

आकडा वाचून वाईट वाटते. पण तो आपल्याला कळला, हे महत्त्वाचे. ब्लूमचे मराठी कच्चे का, याचे कारण तक्त्यात दिसते आणि उपायही तेथेच दिसतो. एखाद्या बंद मॉडेलने मराठीत सफाईदार पण चुकीचे वाक्य लिहिले, तर ते कोणत्या मराठीवर शिकले, पुण्या-मुंबईच्या वृत्तपत्रांवर, की इंग्रजीतून यंत्राने केलेल्या भाषांतरांवर, हे आपल्याला विचारताही येत नाही. वऱ्हाडी किंवा मालवणी त्याच्या कानावर कधी पडली का, तेही नाही. गंमत अशी की ब्लूमच्या परवान्यात वापरावर काही निर्बंध असल्याने ते काटेकोर अर्थाने मुक्तस्रोत ठरत नाही. तरीही रीत लिहिण्यात ते पुष्कळ पुढे आहे.

पूर्ण रीत लिहिणारेही आहेत. सिएटलच्या ॲलन इन्स्टिट्यूटने फेब्रुवारी २०२४ मध्ये 'ओल्मो' हे मॉडेल मजकूर, आज्ञावली, भारांक आणि शिकवतानाच्या नोंदी यांसह खुले केले. एप्रिल २०२५ पासून त्याच्या उत्तरातले शब्द शिकवण्याच्या मजकुरात कोठे आले होते हे शोधून पाहण्याची सोयही दिली. हा खरा ताळा. आपल्याकडे मद्रास आयआयटीच्या 'एआय फॉर भारत' गटाने २०२३ साली २२ भारतीय भाषांचे भाषांतर-मॉडेल मजकुरासह खुले केले. पुण्याच्या 'एल-थ्री-क्यूब' गटाने 'महाकॉर्पस' हा २८.९ कोटी टोकनांचा मराठी साठा संशोधनासाठी दिला. लामा ३.१ च्या मजकुरापेक्षा तो सुमारे पन्नास हजार पटींनी लहान आहे. पण तो उघडून वाचता येतो, त्यातल्या चुका दाखवता येतात आणि त्यात भर घालता येते.

वर्गात करून पाहण्यासारखे

हा मुद्दा आठवी-नववीच्या मुलांना संगणकाशिवाय समजावता येतो. वर्गाचे तीन गट करा. पहिल्या गटाला वृत्तपत्रातील बाजारभावाची दोन-तीन पाने द्या. दुसऱ्याला संतकवींवरचे एक-दोन धडे. 'भाव', 'मोल', 'माल', 'वाट' असे दहा शब्द फळ्यावर लिहा. मजकुरात हे शब्द जेथे येतील तेथे त्यांच्या पुढचा शब्द कोणता, आणि तो किती वेळा आला, याचा तक्ता दोन्ही गटांनी करायचा. एका तक्त्यात 'भाव' नंतर 'वाढले', 'उतरले' असे शब्द येतील. दुसऱ्यात 'भक्ती' किंवा 'मनातला' यांसारखे. हेच त्यांचे इवलेसे भाषा-मॉडेल आणि तक्त्यातले आकडे हे भारांक.

आता मूळ पाने बाजूला ठेवा आणि दोन्ही तक्ते तिसऱ्या गटाला द्या. त्यांना विचारा: हे तक्ते वापरून पुढचा शब्द सांगता येतो का? येतो. त्यात आपल्या आकड्यांची भर घालता येते का? तेही येते. पण मोजताना कोणी एखादी ओळ गाळली का, एखादा शब्द मुळात होताच का, कोणता मजकूर निवडलाच नाही, हे सांगता येते का? नाही. मग पाने त्यांच्या हाती द्या. दोन-चार चुका हमखास सापडतील. मुलांना कळेल की तक्ता मिळणे उपयोगाचे आहे, पण पाने मिळणे ही वेगळीच गोष्ट आहे.

शाळेत एखादे साधन आणण्याचा विषय निघाला आणि ते मुक्तस्रोत आहे असे विक्रेत्याने सांगितले, तर चार प्रश्न विचारावेत. परवाना कोणाला आणि कशासाठी वापर नाकारतो? कोणत्या मजकुरावर शिकवले याची यादी कोठे पाहायला मिळेल, आणि त्यात मराठी किती? शिकवण्याची आज्ञावली प्रसिद्ध केली आहे का? बनवणाऱ्यांव्यतिरिक्त कोणी ते पुन्हा घडवून किंवा पडताळून पाहिले आहे का? उत्तरे समाधानकारक नसली म्हणून साधन टाकून द्यावे असे नाही. कॅल्क्युलेटर आपण त्याची अंतर्रचना न पाहता वापरतोच. पण कॅल्क्युलेटरचे उत्तर कागदावर ताडून पाहता येते. धड्याचा सारांश, इतिहासाची मांडणी, विद्यार्थ्याच्या निबंधाचे मूल्यमापन यांचे तसे नाही. तेथे ताळा पाहण्याची जबाबदारी शिक्षकावरच येते, आणि ती किती मोठी आहे हे वरच्या चार प्रश्नांच्या उत्तरांवरून ठरते.

कंपन्यांनी सगळे उघड करावे असा हट्ट धरण्याचा अधिकार कदाचित आपल्याला नसेल. परंतु कशाला मुक्त म्हणायचे हे ठरवण्याचा अधिकार त्यांना एकट्यांना नाही. 'मुक्त' हा शब्द आपल्या भाषेत फार जुना आणि वजनदार आहे. तो वापरण्याआधी विचार करणे, आणि वर्गात विद्यार्थ्यांनाही तशी सवय लावणे, हे आपल्या हाती आहे.